मालाचं दार

आमच्या प्रेसमध्ये उर्दू टाइप करणारी एकच बाई होती, शाईस्ता. तिचा नवरा वासिफ काविळीनं गेला. त्या दिवशी त्यांच्या गावाहून, नेकनूरहून, परत येताना माझ्या सासऱ्यांनी जीपमध्ये पहिला प्रश्न विचारला तो हा, की आता उर्दू गाइडचं काय करायचं. ऐकून कुणालाही राग येईल, मलाही आला. पण आमचे अप्पा, म्हणजे कल्याणराव, वाईट माणूस नाहीत. तासाभरापूर्वी ते वासिफच्या वडिलांच्या, कासमचाचांच्या, गळ्यात पडून रडले होते आणि ते रडणं खरं होतं. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. माणूस मातीत ठेवायचा, घरी येऊन आंघोळ करायची, लिंगपूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. अप्पांना वाटतं सगळं जग असंच चालतं.

"सोमवारपासून येईल की ती," ते म्हणाले.

"अप्पा, त्यांच्यात इद्दत असते," मी म्हणाले. "चार महिने दहा दिवस विधवेनं घर सोडायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर यायचं नाही."

अप्पांनी मांजरसुंब्याचा घाट उतरेपर्यंत बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "पब्लिशरला संक्रांतीच्या आत सगळी पुस्तकं पायजेत. औरंगाबादहून दुसरा मानूस बघावा लागंल."

हे दोन हजार दोन सालचं. बीडला आमची प्रेस, मागच्या अंगाला घर. लग्नपत्रिका आणि बिलबुकं खाली, आणि वरच्या मजल्यावर चार कॉम्प्युटर, तिथं मराठी आणि उर्दू शाळांच्या गाइडची पानं लावायचं काम. वरचा मजला माझा. माझे यजमान विश्वेश्वर तेलगावला खतांचं दुकान सांभाळतात आणि कॉम्प्युटरला दुरूनच नमस्कार करतात, त्यामुळे माझ्या कामात कुणी लुडबुड करत नाही. शाईस्ता रोज नेकनूरहून बसनं यायची. खिडकीजवळची जागा तिची. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो, म्हणजे माझ्या डब्यातली चटणी ती संपवायची आणि वर तिखट कमी आहे म्हणायची.

आठवड्याभरानं मी तिला भेटायला गेले. पांढरी ओढणी घेऊन ती मधल्या खोलीत बसली होती. बायका येत होत्या, तिच्या सासूच्या, आमिनाबीच्या, गळ्यात पडून रडत होत्या आणि चहा पिऊन जात होत्या. खोली जरा रिकामी झाल्यावर शाईस्तानं माझा हात धरला.

"वयनी, माझी जागा दुसऱ्याला देऊ नका. घरी काम द्या, मी करते. पन हे संपलं की मला परत प्रेसमध्ये यायचंय. तेवढं बघा."

मी शब्द दिला. माझा स्वभाव असा आहे की शब्द आधी देते आणि तो पाळायचा कसा हे बसमध्ये बसल्यावर सुचायला लागतं.

तिचा कॉम्प्युटर कासमचाचांच्या फळांच्या टेम्पोतून नेकनूरला पोचवला. घरात फोन होता, त्यावरून इंटरनेट लागत होतं. पहिल्यांदा आम्ही फ्लॉपीवर भागवून पाहिलं. ती फ्लॉपी सकाळच्या टेम्पोत पेरूंच्या टोपलीवर बसून बीडला यायची आणि तीनातल्या दोन उघडायच्याच नाहीत. मग ईमेल केला. पण विज्ञानाच्या पानात आकृत्या असतात, फाइल फुगते, आणि ईमेलवाले ती परत पाठवून देतात. पब्लिशर दिवसातून चारदा दुरुस्त्या कळवणार, त्या तिला पोचवायच्या, तिच्याकडून परत घ्यायच्या. आमच्या प्रेसमध्येच एक सर्व्हर, म्हणजे पानं साठवायचा कॉम्प्युटर, ठेवायचा, तिनं घरून फोनवरून त्यात शिरायचं, पानं ठेवायची आणि दुरुस्त्या उचलायच्या, एवढाच मार्ग उरला होता. अडचण एकच होती, ती म्हणजे भिंत.

ही भिंत म्हणजे फायरवॉल. आदल्या वर्षी कुणीतरी इंटरनेटवरून गाणी उतरवली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या व्हायरसनं दहावीचं आख्खं बीजगणित खाल्लं. तेव्हा माझा लातूरचा मावसभाऊ वीरेश येऊन एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात बसवून गेला. बाहेरचं जे काही येईल ते आधी त्या डबड्यापाशी थांबणार. आतून बाहेर जायला मोकळीक, बाहेरून आत यायला मज्जाव. अप्पांचा या डबड्यावर एवढा जीव की खंडेनवमीला त्यांनी छपाईच्या मशीनच्या आधी त्याला विभूती लावली आणि झेंडूचा हार घातला. हाराच्या पाकळ्या पंख्यात अडकून ते दोन दिवस बंद होतं, ही गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

"भिंतीला भोक पाडायचं?" अप्पा म्हणाले. "कावून? येवढं करून बांधली कावून मग?"

"भोक नाही, दार. किल्ली फक्त शाईस्ताकडे."

"दारातून चोर येत न्हाईत का?"

मी त्यांना औरंगाबादच्या माणसाचं सांगायला सुरुवात केली. त्याला राहायला खोली लागेल, मटण लागेल, आणि शाईस्ताइतकं बिनचूक टाइप करणारा मिळायचाही नाही. मटणाचं नाव काढल्यावर अप्पांनी हातानं पुरे अशी खूण केली. वरचीच मागची खोली द्यावी लागली असती आणि तिच्या बरोबर खाली आमचं देवघर आहे.

नेकनूरला वेगळीच परवानगी लागली. आमिनाबीनं कॉम्प्युटरचा पडदा न्याहाळून मला विचारलं, "इस में से उधर का आदमी इधर दिखता क्या?"

"नहीं खाला. सिर्फ लिखा हुआ जाता."

"आवाज?"

"आवाज भी नहीं."

तरी कासमचाचा मशिदीत जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आले. कागद जातोय, बाई जात नाही, तर हरकत नाही असं उत्तर मिळालं. मला ते बरोबर वाटलं तेव्हा.

वीरेश लातूरहून आला. खरं तर त्यानं नेकनूरच्या कॉम्प्युटरपाशी बसायला हवं होतं, पण तो परका पुरुष, त्याला मधल्या खोलीत जाता येईना. मग तो बीडला डबड्यापाशी बसला आणि मी नेकनूरला शाईस्तापाशी. आता गंमत अशी की घरात फोन एकच. इंटरनेट लावलं की फोन अडकला. म्हणजे काम चालू असताना मला वीरेशशी बोलता येणार नाही आणि बोलायचं तर काम बंद. शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर मी पदर खोचून ये-जा सुरू केली. बूथवाला धुळाजी मला बघितल्याबरोबर न विचारता बीडचा नंबर फिरवू लागला.

पहिली बातमी चांगली होती. शाईस्तानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आमच्या प्रेसच्या सर्व्हरनं तिला आत घेतलं. तिनं ओढणी तोंडाशी धरली. हसली बहुतेक, मला नीट दिसलं नाही. मग तिनं आत काय काय आहे ते दाखव अशी आज्ञा दिली आणि सगळं थांबलं. यादी येईना. पान पाठवलं तर जाईना. सर्व्हर ये म्हणत होता, बस म्हणत होता, आणि पुढे काहीच नाही.

मी बूथवर गेले. "लॉगिन होतंय, पण काही हलत नाही."

"लॉगिन होतंय ना अक्का? मंग आपलं बरोबर हाय," वीरेश म्हणाला. "लाइन खराब असंल. परत लावा."

परत लावलं. दुपारपर्यंत लावत राहिलो. मला वीरेशचा राग यायला लागला, टेलिफोन खात्याचा आधीच आलेला होता. शाईस्ता दर वेळी पासवर्ड हळू हळू टाकत होती, तिच्याच बोटाची काही चूक असल्यासारखा. तिचं ते हळू टाकणं मला बघवेना.

तेवढ्यात पुढच्या दाराशी हाक आली. म्हाळू म्हणून बालाघाटाच्या डोंगरातला एक शेतकरी आहे, तो कासमचाचांना सीताफळं घालतो. कासमचाचा घरी नव्हते. आमिनाबी पडद्याआड जाऊन उभी राहिली. पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोघांचं सावकाश बोलणं झालं. टोपल्या किती, डोळे उघडलेली, पिकायला आलेली किती, पुढचा माल कधी. सगळं ठरलं आणि म्हाळू टोपल्या उचलून निघून गेला. मी म्हटलं, हा माल न देताच चालला की काय. तर तो घराला वळसा घालून बोळात गेला. तिथं मागचं छोटं दार आहे, आमिनाबीनं आतून कडी काढून ठेवली होती. त्यानं टोपल्या आत सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. बोलणं पुढच्या दारात आणि माल मागच्या. त्या गल्लीतल्या सगळ्याच घरांची ही रीत आहे, मी दहादा पाहिली असेल.

मी चपला न घालताच बूथवर गेले.

"वीरेश, बोलायचं दार वेगळं आणि माल द्यायचं दार वेगळं असं असतं का रे तुमच्यात?"

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग तो म्हणाला, "असतंय की अक्का. तसंच असतंय. मी एकवीस नंबरचं तेवढं उघडलंय, ते बोलायचं. मालाची दारं सर्व्हर दर टायमाला नवीन सांगतंय. ती भिंतीत बंद हायत. ईमेलची सवय लागलीय हो, तिथं एकाच दारानं सगळं जातंय."

"मग उघड की."

"सगळीच न्हाई उघडता येनार, भिंतीला अर्थ राहनार न्हाई. थोडीशी ठरवून देतो, आन् सर्व्हरलाबी सांगतो की याच दारांतून माल घे."

तरी पान गेलं नाही. पण या वेळी स्क्रीनवर सर्व्हरनं माल कुठं आणायचा त्याचे आकडे लिहून दिले होते. शाईस्तानं ते वाचून दाखवले, मी तळहातावर उतरवून घेतले आणि बूथवर वीरेशला वाचून दाखवले. तो हसायलाच लागला. सर्व्हर बिचारा आमच्या प्रेसच्या आतला पत्ता सांगत होता. आपल्या घरात आपण मधल्या खोलीत ये म्हणतो ना, तसा. बाहेरून येणाऱ्यानं कुणाच्या मधल्या खोलीत जायचं? वीरेशनं त्याला समज दिली, की बाबा, परक्या माणसाला गाव, गल्ली सांगायची, खोली सांगायची नाही.

मी परत आले तेव्हा यादी आलेली होती. पान निघालेलं होतं. नेकनूरची लाइन मुंगीच्या पावलांनी चालते, पण चालते. पान पोचल्याचं स्क्रीनवर लिहून आलं आणि शाईस्तानं पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. आमिनाबीनं दोन सीताफळं फोडून आमच्या पुढ्यात ठेवली. माझी छाती, खोटं कशाला बोलू, इंचभर फुगली होती.

त्यानंतरचे तीन महिने काम असं सुरळीत चाललं की प्रेसच्या जन्मात कधी चाललं नव्हतं. बस चुकली नाही, फ्लॉपी बिघडली नाही. पब्लिशरनं सकाळी सांगितलेली दुरुस्ती दुपारी हजर. अप्पा वर येऊन सर्व्हरकडे कौतुकानं बघत उभे राहायचे. आणि एक दिवस खाली झेरॉक्सच्या मशीनची पेटी उतरली.

"कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

"शाईस्ताच्या जागेवर. खिडकीजवळ हवा बी लागंल त्याला."

"अप्पा, ती परत येणार आहे."

"आता कावून?" अप्पांना खरोखरच नवल वाटलं होतं. "घरबसल्या लई चांगलं चाललंय की तिचं. बसचे धक्के न्हाईत, येळ वाया जात न्हाई. पगार तेवढाच देतो मी, एक रुपया कमी न्हाई. काम अडतंय का कुठं? सांग तूच."

काम कुठंच अडत नव्हतं. तीच तर पंचाईत होती. संध्याकाळी कासमचाचांचा फोन आला. "बेटी, तुमने बहोत बड़ा काम किया. अब शाईस्ता को कहीं जाने की ज़रूरत नहीं रही. इज़्ज़त से घर में बैठ के कमाएगी." त्यांच्या आवाजात एवढी माया होती की मी हो हो म्हणत फोन ठेवला. कुणी वाईट वागत असतं तर मी भांडले असते, भांडायला मला आवडतं. इथं सगळे चांगलेच वागत होते आणि ज्या दाराची मी एवढी फुशारकी मारत होते त्याच दारानं तिची बाहेरची वाट बंद केली होती. 

इद्दत संपली त्या दिवशी नेकनूरला गेले. शाईस्ताच्या माहेराहून नवे कपडे आले होते, फिकट हिरवे. ती न्हाऊन बसली होती. मी तिला झेरॉक्सचं सांगितलं. तिला सासऱ्यांकडून आधीच कळलं होतं.

"घर वाईट न्हाई, वयनी," ती म्हणाली. "सासू आईवानी हाय. पन मी वासिफसाठी अजून रडलेच न्हाई."

"म्हणजे?" मी विचारलं.

"घरात मी रडले की सासू रडती. ती रडली की सासऱ्याला धाप लागती. मंग मीच दोघांला पानी देते आन् गप करते. चार महिने मी लोकांलाच गप करतेय. मला बसमदी बसायचंय. खिडकीपाशी, नकाब खाली सोडून. तिथं आपल्याला कुनी वळखत न्हाई, कुनी गप बस म्हनत न्हाई." तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं. "मला यायचंय वयनी. त्या दारातून न्हाई, माझ्या पायानं."

 निघताना मी तिला एवढंच म्हटलं, की उद्यापासून पान जायला त्रास झाला तर घाबरू नको, मोठ्यानं सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसलेले असताना मी डबड्यापाशी बसले. वीरेशनं शिकवून ठेवलं होतं. एक ओळ टाइप करून मालाची दारं मी बंद केली. बोलायचं दार उघडंच ठेवलं, म्हणजे कुणीही तपासलं तरी लॉगिन झालंच पाहिजे. मग वीरेशला फोन करून काय केलं ते सांगितलं. तो म्हणाला, "मला महिनाभर लातूर सोडता येत न्हाई अक्का, लई काम हाय. अप्पांला सांगा."

दुपारी शाईस्ताचा फोन आला. तिचा आवाज एवढा मोठा की घरातल्या सगळ्यांनी ऐकला असणार. लॉगिन होतंय, पान जात न्हाई. दोन दिवस अप्पा सर्व्हरच्या भोवती फिरले. त्यांनी डबड्याला परत विभूती लावली. कासमचाचांनी टेम्पोतून फ्लॉप्या पाठवल्या आणि त्या उघडल्या नाहीत. त्यात माझा काही हात नव्हता, देवाशपथ. संक्रांत तोंडावर आलेली, विज्ञानाची शेवटची पानं नेकनूरला अडकलेली आणि पब्लिशरचा फोन वाजतच होता. तिसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः नेकनूरला फोन लावला.

"कासमभाई, पोरीला पाठवा तुमी. मशीनचं काय खरं न्हाई बघा. मानूस जागेवर पायजे."

कासमचाचांनी तिला स्वतः बसमध्ये बसवून दिलं. ती यायच्या आधी अप्पांनी झेरॉक्सचं मशीन दोन माणसं लावून जिन्याखाली नेलं आणि मला दम दिला की फडकं मारून घे तिथलं, धूळ बसलीय.

ती जिना चढून आली, खिडकीजवळ बसली आणि नकाब वर केला. नाक लाल झालेलं, पापण्या एवढ्या सुजलेल्या की डोळे जेमतेम उघडत होते. अप्पा दारात आले होते, ते तसेच मागे फिरून खाली गेले.

"कुठपासून?" मी विचारलं.

"मांजरसुंब्यापासून पार स्टँडपोत," ती म्हणाली. नवी ओढणी तोंडाशी भिजून गडद झाली होती. "शेजारी एक बाई होती. तिनं नुसतं जरा सरकून जागा दिली."

मग तिनं विज्ञानाचं पान मागितलं.